वाक्यात उपयोग

तृप्तीच्या हातची पोळी बँकेतले साहेब खायचे, इंजिनिअरिंगची पोरं खायची, नाशिकच्या पेठरोडवरच्या लॉजवर उतरलेले औषध कंपनीचे विक्रेतेसुद्धा शोधत शोधत येऊन खायचे. खायचा नाही तो एकटा तिचा नवरा. नऊ वर्षं किशोरनं बायकोच्या पोळीला हात लावला नव्हता. भात खायचा, भाकरी खायचा, कधी नुसतं दूध पिऊन उठायचा. नवस नव्हता, पथ्य नव्हतं, डॉक्टरनं सांगितलं होतं म्हणावं तर तेही नव्हतं. एक इंग्रजी शब्द मध्ये आला होता. आणि तो शब्द आणणारा माणूस पुढच्याच गल्लीत झोपाळ्यावर बसून चहा पीत होता. आपल्या नवऱ्यानं पुन्हा आपली पोळी खावी, आणि त्या माणसाच्या घशाखाली मात्र घास उतरू नये, एवढंच तृप्तीला हवं होतं.

त्या माणसाचं नाव दिवाकर सर. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, रिटायर झाले आणि घरात बसवेना. कॉलनीच्या दूध केंद्राच्या भिंतीवर मित्रमंडळाचा एक फळा होता. त्यावर पाणी कधी येणार, कुणाचं दहावं कधी, असलं काहीबाही असायचं. सरांनी तो ताब्यात घेतला. रोज सकाळी ‘आजचा शब्द’. वर इंग्रजी शब्द, खाली मराठीत अर्थ, आणि त्याखाली ‘वाक्यात उपयोग’. वाक्य आधी इंग्रजीत, मग मराठीत. अक्षर असं की नुसतं बघत राहावं. लिहून झालं की सर काठीनं एकेक शब्द दाखवत मोठ्यानं वाचायचे, आणि दुधाला आलेली माणसं पिशव्या हातात धरून वर्गात बसल्यासारखी ऐकायची.

सुरुवातीला वाक्यं पुस्तकातली असायची. गाय चरते, मुलगा धावतो. त्यात कुणाला रस असणार? मग एकदा सरांनी ‘मायझर’ घेतला. अर्थ लिहिला, कंजूष. वाक्य लिहिलं की कंजूष माणूस लग्नाला सहकुटुंब येतो आणि आहेर एकट्याचा आणतो. नाव नाही, गाव नाही, पण आदल्याच दिवशी कॉलनीत लग्न झालं होतं आणि तो माणूस कोण हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. काय हशा पिकला म्हणता! त्या दिवसापासून सरांना चटक लागली आणि लोकांना त्याहून जास्त. उठल्या उठल्या माणसं एकमेकांना विचारायची, आज कोणाचा नंबर? दूध केंद्रवाला पुंजाराम तर फळ्याकडे तोंड करूनच पिशव्या द्यायला लागला. कुणी रागावलं की सरांचं उत्तर ठरलेलं, नाव आहे का कुठे?

शहाण्णव साली अंबडच्या ज्या कारखान्यात किशोर होता त्याला टाळं लागलं. आज उघडेल, उद्या उघडेल करत पावसाळा गेला. तेव्हा तृप्तीनं पोळपाट काढला आणि पोळ्या विकायला सुरुवात केली. किशोर कळवणकडचा, शेतकऱ्याच्या घरातला, पण बायकी काम म्हणून नाक मुरडणारा नव्हता. पहाटे उठून परात पुढ्यात घ्यायचा आणि सगळी कणीक तोच मळायचा. तेलाचा हात लावून, मुठीनं दाबून दाबून अशी मळायचा की पोळी संध्याकाळपर्यंत मऊ राहायची. लोक तृप्तीच्या हाताचं कौतुक करायचे, पण त्यातला अर्धा हात त्याचा होता. हे बाहेर कुणाला माहीत नव्हतं. त्यानंच सांगू दिलं नव्हतं, कळवणला भावांच्या कानावर गेलं तर लय चिडवतील म्हणायचा.

एका सकाळी परात झाकून तो दुधाला गेला. फळ्यावर शब्द होता ‘पॅरासाइट’. अर्थ, बांडगूळ. वाक्यात उपयोग: बांडगूळ आंब्याच्या फांदीवर जगतं आणि काही नवरे बायकोच्या पोळपाटावर. सर काठीनं दाखवत वाचत होते. किशोर मागे येऊन उभा राहिलेला त्यांना दिसला की नाही देव जाणे, पण पुंजारामला दिसला.

“किशोरभाऊ, पिशव्या किती देऊ?” पुंजारामनं विचारलं. “का आधी वहिनींना विचारून येता?”

सगळे हसले. बँकेतले साहेब हसले, ज्यांच्या डब्यात तिच्याच पोळ्या जायच्या. ज्याच्या मुलीच्या लग्नात किशोरनं रात्र जागून मांडव बांधला होता तोही हसला. किशोर तसाच, दूध न घेता घरी आला.

दुपारी तृप्तीनं ताट वाढलं. त्यानं पोळी उचलून डब्यात परत ठेवली आणि भात ओढला. बरं वाटत नाही का, असं तिनं विचारलं. “बांडगुळाला कशाला पोळी,” तो म्हणाला. या विषयावर तो जे बोलला ते एवढंच. दुसऱ्या दिवसापासून त्यानं परातीलाही हात लावला नाही.

तृप्तीच्या अंगाची लाही लाही झाली. पिठाच्या हातांनी ती सरांच्या घरी गेली. तिनं सांगितलं की माझा नवरा बसून खात नाही, मी लाटते ती कणीक तो मळतो, तुमचं चुकलंय, आणि चुकलं असं त्याच फळ्यावर लिहा. सर झोपाळ्यावर बसले होते. त्यांच्या बायकोनं, उत्तराकाकूंनी, स्वयंपाकघराच्या दारातून एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

“नाव आहे का कुठे?” सर म्हणाले. “मी भाषा शिकवतो, तृप्ती. ज्याला झोंबलं त्यानं आपलं बघावं.”

वर हसलेही. अस्सं हसले, जसं काही ही वर्गातली ढ पोरगी आहे. तृप्ती मुकाट्यानं परत आली, पण तिनं डूख धरला तो त्या झोपाळ्यासमोर.

वर्षभरानं किशोरला सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली. पगार आला, घर सावरलं. कॉलनीतली पोरं काही दिवस त्याच्या पाठीमागे ‘बांडगूळ’ म्हणून ओरडायची, तीही मोठी झाली, विसरली. तो विसरला नाही. बस पकडायला दूध केंद्रावरून सरळ रस्ता होता, पण तो मागच्या गटारीकडून वळसा घालून जायचा. आणि सुट्टीच्या दिवशी दुपारी ताटावर बसला की पोळी बाजूला ठेवायचा. एवढ्या लोकांची पोटं भरणाऱ्या बाईच्या पोळीला तिच्याच घरात गिऱ्हाईक नव्हतं. दरवेळी ती पोळी डब्यात परत टाकताना तृप्ती मनातल्या मनात सरांना शिव्या घालायची.

दूध आणायचं काम आता तिच्याकडे आलं होतं. रोज ती फळ्यासमोर उभी राहायची आणि शब्द वाचायची, अर्थ वाचायची, वाक्य पाठ करायची. बारावी झालेली होती, डोकं तल्लख होतं. हळूहळू तिला वाक्यं स्वतः जुळवता यायला लागली. तिच्या मनातल्या सगळ्या वाक्यांत एकच माणूस असायचा.

दोन हजार तीनमध्ये उत्तराकाकू गेल्या. मुलगा मयुरेश अमेरिकेतून आला, दिवस उरकून परत गेला. सरांना साधा वरणभात जमेना, त्यात उजवा हात थरथरायला लागलेला. शेवटी काठी टेकत तृप्तीच्याच दारात आले आणि डबा मिळेल का म्हणाले. ती लगेच हो म्हणाली. कॉलनीतले लोक म्हणाले, बाईचं मन मोठं आहे. मन मोठं कसलं! ज्याची इतकी वर्षं वाट पाहिली तो आपल्या पायांनी चालत आला होता.

तिनं सरांना जीव लावून खाऊ घातलं. पदर सुटलेल्या, तुपाचं बोट फिरवलेल्या पोळ्या. सर ताटावर बसले की डोळे मिटून खायचे, म्हणायचे की उत्तराच्या हातालाही ही चव नव्हती. तृप्ती समोर बसून बघायची. बायकोच्या पोळपाटावर जगणारा बांडगूळ, मग परक्या बाईच्या पोळपाटावर जगणाऱ्याला काय म्हणतात हो सर? हे तिच्या ओठांवर यायचं आणि ती ते गिळायची, कारण एवढ्यावर तिचं भागणार नव्हतं.

पुढे हात फारच थरथरायला लागला तेव्हा फळ्याचा प्रश्न आला. सरांनीच विचारलं, तुझं अक्षर चांगलं आहे, तू लिहिशील का? मग रोज सकाळी डबा ठेवताना सर शब्द सांगायचे, वाक्य सांगायचे, ती खडू घेऊन जाऊन लिहायची. थोड्या वेळानं सर काठी टेकत यायचे आणि पूर्वीसारखंच दाखवून दाखवून मोठ्यानं वाचायचे. अक्षर तिचं, शब्द सरांचा, हे सगळ्यांना माहीत होतं.

दोन हजार पाचच्या गणपतीपासून सरांनी एकच लावून धरलं होतं, दिवाळीला मयुरेश येणार आणि मला घेऊन जाणार. पासपोर्ट झाला, जाड स्वेटर आला. दुधाला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी तिकडच्या बर्फाचं वर्णन ऐकवलं, त्यांनी स्वतः ते कधी पाहिलेलं नसताना. दसरा झाल्यावर एका सकाळी तृप्ती डबा उघडून वाढत होती आणि फोन वाजला. सर उठून गेले. तिला इकडचंच बोलणं ऐकू आलं. बरं, म्हणाले. बरं बाळा. नाही रे, मला कसला त्रास. छे, इथे सगळे लोक आहेत. मग रिसीव्हर ठेवून परत ताटावर बसले आणि पोळीचा तुकडा नुसताच आमटीत बुडवत राहिले.

“त्याला यंदा जमत नाही,” ते म्हणाले. “यंदा काय, त्यांचं घर लहान आहे. कुणाला बोलू नकोस, तृप्ती.”

ती म्हणाली, मी कशाला बोलू. आणि घरी येईपर्यंत तिची पावलं जमिनीवर नव्हती. आनंद झाला तिला, खोटं कशाला सांगायचं? म्हाताऱ्याच्या डोळ्यांतलं पाणी तिनं पाहिलं होतं, आणि ते बघून तिला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी शब्द सांगितला ‘ऑटम’, शरद ऋतू. पानं गळतात असलं काहीतरी वाक्य सांगितलं. तिनं मान डोलावली, खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं ‘बर्डन’. अर्थ, ओझं. वाक्यात उपयोग: विमानात ओझं मोजून घेतात, म्हणून काही मुलं बापाला नाशिकलाच ठेवून जातात. इंग्रजी वाक्यही तिनंच जुळवलं आणि त्यात एक चूक सापडली नसती कुणाला. मग पिशवी घेऊन बाजूला उभी राहिली.

सर आले. चष्मा वर केला, काठी उचलली. “बर्डन,” त्यांनी वाचलं आणि जरा अडखळले, कारण हा शब्द त्यांनी सांगितला नव्हता. पण लोक उभे होते आणि सवय जुनी. “बर्डन म्हणजे ओझं. वाक्यात उपयोग. विमानात ओझं मोजून घेतात, म्हणून काही मुलं…”

तिथे थांबले. काठी हवेतच राहिली. पुढचं वाक्य मागच्या कुणीतरी मोठ्यानं पुरं केलं, आणि तेव्हा सगळ्यांना उमगलं.

“म्हणजे स्वेटर वाया गेला म्हणायचा, सर?” पुंजाराम म्हणाला.

हशा पिकला. सरसुद्धा हसायला गेले, पण ते काही त्यांना जमलं नाही. त्यांनी तृप्तीकडे पाहिलं. तिनं नजर वळवली नाही, चांगली रोखून ठेवली, डोळ्यांनीच विचारलं की नाव आहे का कुठे? सर वळले आणि दूध न घेताच घरी गेले.

संध्याकाळी किशोर आल्यावर तिनं सगळं इत्थंभूत सांगितलं. काठी कशी थांबली, चेहरा कसा पडला. सांगताना तिचा आवाज कापत होता, इतकी ती खूश होती. उट्टं काढलं, आता तुमचा मान परत आला म्हणाली, आणि गरम पोळी त्याच्या ताटात वाढली.

“कोण कोण हसलं?” त्यानं विचारलं.

“सगळे.”

“पुंजाराम?”

“तो तर आधी.”

किशोरनं पोळी उचलून डब्यात ठेवली. “मग तेव्हाचेच की गं ते,” तो म्हणाला. “तेव्हा माझ्यावर हसले, आज म्हाताऱ्यावर. हसणारे तेच, तू नुसता माणूस बदललास.”

तृप्ती भडकली. तुमच्यासाठी इतकी वर्षं जळले आणि वर मलाच शिकवता, म्हणाली. नाही नाही ते बोलली. तो खाली मान घालून भात कालवत राहिला.

दुसऱ्या दिवशी सरांचं दार बंद होतं. तिनं डबा बाहेरच्या कट्ट्यावर ठेवला. दुपारी घ्यायला गेली तर डबा तिथेच होता. घरी आणून उघडला. भाजी संपलेली, भात संपलेला, आणि वरच्या कप्प्यात पोळ्या, तिनं घातल्या तशाच घडी घातलेल्या. किशोरची त्या दिवशी सुट्टी होती. त्यानं डब्यात पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि बाहेर जाऊन बसला. अशी डब्यात परत आलेली पोळी ती नऊ वर्षं बघत होती. तिला दुसऱ्या कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पण म्हणून तृप्ती विरघळली असं समजू नका. तिचा राग तसाच होता, फक्त आता तो दुसरीकडे वळला होता. सर एकटे होते हो, काठी धरलेला एक म्हातारा. त्यांचं वाक्य त्या फळ्यावरच सुकून गेलं असतं. ते उचलून घरोघरी नेलं कुणी? पोरांच्या तोंडी दिलं कुणी? सकाळचे सहा वाजलेले असताना दुसऱ्याची अब्रू जाताना बघायला पिशव्या घेऊन कोण उभं राहायचं?

खडू अजून तिच्याकडेच होता. पुढच्या सकाळी कुणी यायच्या आत ती दूध केंद्रावर गेली आणि लिहिलं ‘स्पेक्टेटर’. अर्थ, बघ्या. दुसऱ्याची फजिती बघून हसतो आणि दूध घेऊन घरी जातो तो. वाक्यात उपयोग, असं लिहून तिनं खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं: हे वाचतोय तो.

आणि कमरेवर हात ठेवून फळ्याशेजारी उभी राहिली. माणसं आली ती परवाच्या हशाची चव तोंडात ठेवूनच. आज कोणाचा नंबर म्हणत मान वर करायची, ओठ हलवत वाचायची, शेवटच्या ओळीला पोचायची आणि तिथे हसू गळून पडायचं. बँकेतल्या साहेबांनी दोनदा वाचलं. मग घड्याळात बघितलं. तृप्ती प्रत्येकाच्या तोंडाकडे अगदी निरखून बघत होती, एकालाही तिनं सोडलं नाही.

“वहिनी, हे बरं नाही,” पुंजाराम म्हणाला. “आम्ही काय केलं?”

“नाव आहे का कुठे?” तिनं विचारलं.

पुंजाराम पिशव्या मोजायला लागला. तेवढ्यात गर्दी बाजूला सरली, आणि तृप्तीनं पाहिलं तर, फळ्याची बातमी घरापर्यंत पोचली असावी, सरळ रस्त्यानं, मागच्या गटारीचा वळसा न घालता, किशोर येत होता. फळ्यासमोर थांबला. शब्द वाचला, अर्थ वाचला, वाक्य वाचलं. मग सावकाश एकेकाकडे बघितलं, आणि ज्याच्याकडे तो बघेल तो चपलेकडे बघायला लागला.

“एक पिशवी दे,” तो पुंजारामला म्हणाला.

पुंजारामनं खाली मान घालून पिशवी दिली. नऊ वर्षांपूर्वी जे दूध राहिलं होतं ते किशोरनं त्या दिवशी घरी आणलं.

घरी येऊन त्यानं हात धुतले, डब्यातली एक पोळी काढली आणि उभ्याउभ्याच तिचा तुकडा मोडला. तृप्ती चहा गाळत होती, तिची गाळणी हातातच राहिली. त्यानं तुकडा चावला, सावकाश, ओळख पटवत असल्यासारखा.

“कणीक घट्ट मळतेस तू,” तो म्हणाला.

तृप्ती रडली. तोंड लपवलं नाही, पदर लावला नाही, त्याच्या समोर उभी राहून हुंदके देऊन रडली. त्यानं उभ्याउभ्याच अख्खी पोळी संपवली. दुसऱ्या दिवशी पहाटे परात वाजली तेव्हा ती अंथरुणात पडून नुसता तो आवाज ऐकत राहिली.

फळ्यावर त्यानंतर शब्द आला नाही. पाणी कधी येणार एवढंच कुणीतरी लिहायचं. दिवाळी आली, गेली, सरांच्या दारात पणती दिसली नाही. तृप्तीनं त्यांचा डबा बंद केला नव्हता. रोज जायचा आणि रोज वरच्या कप्प्यातल्या पोळ्या जशाच्या तशा परत यायच्या. किशोर मळत होता तेव्हापासून पोळ्या पुन्हा पूर्वीसारख्या लोण्यागत झाल्या होत्या, पण सरांनी त्यांची घडीसुद्धा मोडली नाही.

एकदा कणीक मळता मळता किशोर म्हणाला की जा, म्हाताऱ्याशी बोलून ये, दोन शब्द बोललीस तर खाईल तो.

“तुम्हाला नऊ वर्षं लागली,” तृप्ती म्हणाली. “त्यांनाही लागू देत.”

किशोरनं तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा मळायला लागला. सरांकडे तेवढी वर्षं उरलेली नाहीत, हे दोघांनाही माहीत होतं. तृप्तीनं तव्यावरची पहिली, सगळ्यात मऊ पोळी उचलली, तुपाचं बोट फिरवलं आणि घडी घालून सरांच्या डब्यात ठेवली.